जखमा मिटल्या नाहीत

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सातारा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या वेळेला मी वाड्या-वस्त्यांवरच्या कामाचा हिशेब देते. किती मुले शाळेत टिकली, किती जातीचे दाखले निघाले, किती बाया बाळंतपणाला दवाखान्यात पोहोचल्या. तो हिशेब या वेळी अहवालात छापला आहे. आकड्यांबद्दल कोणाला विचारायचे असेल तर जेवणानंतर मला धरा. समितीने या वर्षी मला सांगितले, ताई, तुम्ही पुनरुत्थानाच्या आशेवर बोला, आणि पुस्तकातले बोलू नका, तुमची साक्ष द्या.

साक्ष म्हटली की आपल्या मंडळ्यांमध्ये तिचा एक साचा ठरलेला आहे. आधी अंधार, मग एक रात्र, त्या रात्री गुडघ्यांवर प्रार्थना, आणि सकाळी लख्ख उजेड. ज्यांच्या आयुष्यात तसे घडले त्यांच्याबद्दल मी देवाचे आभारच मानते. माझ्याकडे तशी रात्र नाही. माझ्याकडे दीड-दोन वर्षे आहेत, आणि ती बरीचशी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात, एसटीच्या खिडकीशी आणि पालांच्या दारात गेली. त्यामुळे ऐकायला ती तेवढी सरळ लागणार नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, माझे यजमान मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्रभूकडे गेले. हायस्कुलात गणित शिकवायचे. अकरा दिवस ते ऑक्सिजनवर होते. आठव्या दिवसापर्यंत फोनवर बोलले. शेवटचे बोलणे काय, तर विजेचे बिल भरलेस का. मोठे काही बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही, कारण ते घरी येणार अशीच माझी समजूत होती. मग एका सकाळी निरोप आला. कबरस्तानात पांढऱ्या पोशाखातली चार माणसे, एक गुंडाळलेले बोचके, पाळकसाहेब पंधरा पावलांवर उभे. त्यांनी प्रार्थना केली ती मास्कमुळे मला नीट ऐकूही आली नाही. तोंड बघू दिले नाही. मूठभर माती टाकते म्हटले, तर लांबूनच नमस्कार करा म्हणाले. नियमच तसे होते, त्या माणसांना मी दोष देत नाही. दिवसाला कितीतरी जणांना ते तसे पोहोचवत होते.

त्यानंतर मला काय झाले ते सांगते. देव आहे की नाही, हा प्रश्न मला पडला नाही. माझी प्रार्थना थांबली नाही, फक्त ती भांडणासारखी झाली. अडले ते एकाच ठिकाणी. तेव्हा उपासना मोबाईलवर चालायची. विश्वासांगीकार म्हणताना शरीराच्या पुनरुत्थानाचे वाक्य आले की माझे तोंड मिटायचे. त्याच्या आधीचे सगळे मी म्हणायची, त्याच्या पुढचेही म्हणायची, तेवढे वाक्य नाही. आत्मा अमर आहे म्हणा, स्मृती राहते म्हणा, ते आपल्या देशात कोणीही मान्य करील. पण शरीर? ज्या शरीराचे तोंडसुद्धा मला दाखवले नाही, जे प्लॅस्टिकमध्ये बांधून खाली सोडले, ते उठणार? मी ईश्वरविद्येची पदविका घेतलेली बाई आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय मी महिलामंडळात तीनदा शिकवला होता. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे असे पौल तिथे म्हणतो, ते मला पाठ होते. आता तेच वाक्य उलट्या बाजूने माझ्यासमोर उभे राहिले. व्यर्थ असेल तर?

लोक सांत्वनाला यायचे, म्हणजे फोन करायचे. देवाला चांगली फुले आवडतात म्हणून तो ती लवकर खुडतो, असे मला निदान दहा जणांनी सांगितले असेल. इथे एक विनंती करून ठेवते. मयताच्या घरी हे वाक्य म्हणू नका. शास्त्रात ते कुठेही नाही. शास्त्रात जे आहे ते असे की लाजाराच्या कबरेजवळ आल्यावर प्रभू रडला. आता थोड्या वेळाने आपण याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. आणि त्याच्या आधी मार्थेने त्याला रस्त्यातच गाठून सांगितले होते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो उठेल असे प्रभू म्हणाला, तेव्हा शेवटच्या दिवशी उठेल हे मला ठाऊक आहे, असे ती म्हणाली. मला त्या उत्तरात पाठ केलेल्या धड्याचा सूर ऐकू येतो. मीही त्या दिवसांत सगळ्यांना तसेच उत्तर देत होते. ठाऊक आहे, ठाऊक आहे.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एका कामासाठी मी मिरजेत होते. मिशन दवाखान्याच्या आवारात एका झाडाखाली बसले होते. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला हा दवाखाना. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली किती घरे अशी असतील की ज्यांतले कोणीतरी तिथे जन्मले किंवा तिथे गेले. तिथे बसल्यावर मला मनोरमाबाईंची आठवण झाली. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी. २४ जुलै १९२१ रोजी ती मिरजेत वारली, चाळिसाव्या वर्षी. रमाबाईंबद्दल आपण केडगाव, मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली, एवढे सगळे सांगतो. मिरज फारसे कोणी सांगत नाही. मला मात्र त्या दिवसापासून रमाबाई मिरजेच्या वाटल्या.

या बाईंच्या घरातल्या मरणांचा हिशेब करून बघा. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास दुष्काळात आधी वडील अनंतशास्त्री, मग आई, मग थोरली बहीण. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न, आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला पटकीने नवरा गेला. तेव्हा मनोरमा दहा महिन्यांची. हे सगळे ख्रिस्ती होण्याच्या आधी. पुढे इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींकडे त्या गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी आईचा आणि लेकीचा बाप्तिस्मा झाला.

आपण ऐकतो ती कथा इथे संपते, म्हणजे बाप्तिस्मा झाला आणि शंका मिटल्या. तसे काही नाही. पदविकेच्या अभ्यासात आम्हाला त्यांचा पत्रव्यवहार वाचायला लावला होता. सिस्टर जेराल्डीन आणि मिस डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी वर्षानुवर्षे वाद घातला आहे. त्रैक्य म्हणजे काय, ख्रिस्ताचे देवत्व कसे मानायचे, कोणाच्या अधिकाराने मानायचे. पत्रे वाचताना सिस्टरबाईंची दमछाक दिसते. बाप्तिस्मा झालेली बाई असे प्रश्न विचारते म्हणून त्यांना धसका बसलेला, आणि रमाबाई काही सोडायला तयार नाहीत. पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष छापली. तीत त्या स्वच्छ सांगतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळायला त्यानंतर आठ वर्षे जावी लागली. आठ वर्षे! आणि ती आठ वर्षे काही त्या कोपऱ्यात बसून नव्हत्या. त्याच काळात अमेरिकेत हिंडून पैसे उभे केले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. प्रश्न चालू आणि कामही चालू.

मग मनोरमा मोठी झाली. पदवीधर झाली, शारदा सदनाची मुख्य झाली, गुलबर्ग्याची शाळा तिने सांभाळली. आपल्यामागे हीच सगळे बघणार असा आईचा हिशेब. आणि ती मिरजेत गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी ऐकू येईनासे झालेल्या, आणि हातात एक काम अर्धवट. पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर, थेट इब्री आणि ग्रीक भाषांवरून. थोडेफार लिहितावाचता येणाऱ्या बायांना कळावे म्हणून. त्यासाठी त्या उतारवयात या भाषा शिकल्या होत्या. मुक्तीतल्या मुली खिळे जुळवून ते छापत होत्या. मुलगी गेल्यावर त्यांनी ते काम चालूच ठेवले. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, मुलीच्या मागून नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. त्या वर्षीचा ईस्टर १६ एप्रिलला होता. छापलेले संपूर्ण शास्त्र लोकांच्या हातात आले ते १९२४ मध्ये.

मी त्या झाडाखाली बसून विचार करत होते की हे नऊ महिने कसे गेले असतील. पुनरुत्थानाला ग्रीक शब्द आहे अनास्तासिस. अना म्हणजे पुन्हा, वर. स्तासिस म्हणजे उभे राहणे. पडलेले माणूस पुन्हा उभे राहणे, इतका साधा, अंगाचा, हातापायांचा शब्द आहे तो. ज्या बाईने आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी मुलगी मातीला दिली, तिने तो शब्द मूळ भाषेत वाचला आणि अडाणी बाईला कळेल असा मराठीत आणला. तो मनाची समजूत काढण्यापुरता शब्द असता, तर इतक्या कष्टाने भाषा शिकून तो तपासून बघायची तिला काय गरज होती? मनाची समजूत काढणारे लोक मूळ प्रत बघायला जात नाहीत. हा काही पुरावा नव्हे, हे मला कळते. पण माझ्या मनात पहिली हालचाल झाली ती तिथे.

इथे साताऱ्यात बोलत असल्यामुळे लक्ष्मीबाई टिळकांचे नाव न घेता पुढे गेले तर तुम्ही रागवाल. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि याच गावात देवाचा दरबार मांडला. ९ मे १९१९ ला ते मुंबईत वारले. यजमानांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंना स्वतःचा निर्णय घ्यायला पाच वर्षे लागली होती, हेही आपण सोयीस्करपणे विसरतो. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ सुरू केले ते दहा-अकरा अध्यायांवर थांबले. पुढचे चौसष्ट अध्याय या बाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या, जोडाक्षराशी झगडणाऱ्या बाईंनी. विधवेचे रडणे इतक्या अध्यायांत कसे गेले ते मला सांगता येणार नाही, पण माझ्या टेबलावर त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ असते आणि वाईट दिवशी मी ते कुठूनही उघडते. हसू येते. तेही औषधच आहे.

आता शुभवर्तमानांकडे येते, कारण केवळ थोर बायांनी मानले म्हणून मानायचे हे मला पटणारे नव्हते. मी पुन्हा चारही वृत्तांत काढून बसले. या वेळी शिकवायला नाही, उलटतपासणी घ्यायला. आमच्या कामात पंचनामे, जबाब रोज बघावे लागतात. पारध्यांच्या वस्तीवर काही झाले की पाच जणांचे जबाब होतात. पाचही जबाब शब्दाला शब्द सारखे असले की मी ओळखते, हे कोणीतरी लिहून दिले आहे. खरे पाहिलेली माणसे थोडे वेगळे सांगतात. कबरेजवळ किती बाया गेल्या, देवदूत एक होता की दोन, यात चौघांचे जुळत नाही. शिकत असताना ही मला अडचण वाटायची. आता वाटली नाही. कबर रिकामी होती आणि ती पहिल्यांदा बायांनी पाहिली, यावर चौघेही ठाम आहेत. बनवून सांगायचे असते तर त्या काळी बायांना साक्षीला कोणी उभे केले नसते. लूक तर सांगतो की शिष्यांना बायांचे बोलणे वायफळ वाटले. तुमच्यातल्या किती जणींना ठाऊक आहे, आपले बोलणे वायफळ वाटणे म्हणजे काय!

आणि मार्क. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवट असा आहे की बाया थरथर कापत पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. बस. तिथेच संपते. मला तो शेवट फार आवडतो. आनंदाने उड्या मारत गेल्या असे लिहिले असते तर त्या दिवसांत मी ते पुस्तक मिटून ठेवले असते.

पौलाचे पत्र साधारण इ.स. ५५चे, म्हणजे घटनेनंतर पंचवीसएक वर्षांचे. प्रभू पाचशेहून अधिक जणांना एकाच वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत, असे तो लिहितो. म्हणजे, जा आणि विचारा. इथे पाटण तालुक्यातले कोणी आलेले असेल. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी त्या पहाटे आपण कुठे झोपलो होतो आणि कोणती भिंत कोणावर पडली हे सांगणारी माणसे आजही भेटतात. त्यांच्यासमोर कोणी म्हणाले की भूकंप झालाच नाही, तर ती ऐकून घेतील का? पंचवीस वर्षे हा काळ त्याच्या निम्मासुद्धा नाही.

हे सगळे डोक्याला पटले. डोक्याला पटले म्हणून तोंड उघडले असे मात्र झाले नाही. ते वाक्य अजून अडलेलेच होते.

त्या हिवाळ्यात करोनाने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये सानुग्रह मदत मिळायची होती. आमच्या वस्त्यांवर ज्यांची माणसे गेली त्यांचे अर्ज भरायचे काम मी अंगावर घेतले. स्वतःचाही अर्ज मी त्याच आठवड्यात भरला. पहिला रकाना, मृताचे संपूर्ण नाव. तुम्हाला वाटेल त्यात काय अवघड. फासेपारधी समाजात एकाच माणसाचे आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, दवाखान्याच्या कागदावर तिसरे, आणि घरात हाक मारायचे चौथेच. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांत हा समाजही पुढे ओढला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलिसाने नाव विचारले तर खरे सांगू नये ही शिकवण आजीपासून नातीपर्यंत आलेली. त्यामुळे मेल्यावर माणूस कागदावर सापडत नाही. मी बायांना विचारायची, तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारत होता? मग त्या चौथे नाव सांगायच्या, हळू आवाजात, तोंडाला पदर लावून. अर्जाला त्या नावाचा काही उपयोग नव्हता. मी तरीही ते वहीच्या समासात लिहून घ्यायची.

एका संध्याकाळी वही चाळताना योहानाचा विसावा अध्याय आठवला. मग्दालीया मरीया कबरेजवळ रडत उभी आहे. प्रभू समोर उभा आहे, आणि तिला तो माळी वाटतो. डोळ्यांनी तिने ओळखले नाही. त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा ओळखले. मी यजमानांचे तोंड पाहिले नव्हते, आणि इतके दिवस माझा सगळा आकांत त्या न पाहिलेल्या तोंडासाठी होता. तिने तर पाहिले होते आणि तरी ओळखले नव्हते. ओळख हाकेत होती. ज्याच्याजवळ चौथे नाव आहे, त्याच्याकडून कोणी हरवत नाही. हे मी कोणाला बोलले नाही. त्या दिवशी नीट जेवले, एवढे आठवते.

दुसरी गोष्ट त्याच सुमाराची. सांगली जिल्ह्यातल्या एका वस्तीवर आपलेच कॅलेंडर एका पालात टांगलेले होते. आपण दरवर्षी वाटतो ते. त्यावर उठलेल्या प्रभूचे चित्र होते, हात पुढे केलेले आणि हातांवर खिळ्यांचे वण. त्या घरची बाई साठीची असेल. तिचा मुलगा ऊसतोडीला गेला असता फडावरच तापाने गेला होता. चहा ठेवता ठेवता तिने मला विचारले, “बाई, ह्यो तुमचा देव मेलेला उठला म्हनता. मग ह्याच्या जखमा का ऱ्हायल्या? देवच हाय तर बुजवून नाय का घ्यायच्या?”

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटले, त्याच्या सोबत्यांत थोमा नावाचा एक होता, त्याला पटेना. जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला. त्याला दाखवायला ठेवल्या. बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “त्येला म्हाईत आसंल, आमाला बिनजखमेचा मानूस वळखू येत न्हाई.”

मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा अंधार पडला होता. तासगावपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले. मला जे हवे होते, म्हणजे घडलेले पुसून टाकणे, ते प्रभूने स्वतःच्या बाबतीतसुद्धा केले नाही. उत्तम शुक्रवारी जे झाले ते रविवारी झालेच नाही असे नाही. ते अकरा दिवस, ते बोचके, ती न टाकलेली मूठभर माती, हे सगळे घेऊनच उठायचे आहे. शरीराच्या पुनरुत्थानाचा अर्थ हाच असणार, नाहीतर आत्म्याच्या अमरत्वावर भागले असते. आत्म्याला वण नसतात.

माझे सासरे हळद करतात. सांगलीची हळद तुम्हाला सांगायला नको. हरिपूरची पेवे तुमच्यातल्या जुन्या लोकांनी पाहिली असतील. जमिनीखाली खोल खड्डा, आत पाला-गवत लावून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. वर्षानुवर्षे टिकते, कीड लागत नाही. उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, आतली हवा कोंडलेली असते. २००५ च्या महापुराने बरीच पेवे निकामी केली. मला आधी कबर ही पेवासारखी वाटायची. ठेवले तसे राहावे आणि एक दिवस तसेच काढून मिळावे. सासऱ्यांना हे एकदा बोलून दाखवले. ते कमी बोलतात. ते म्हणाले, “पेवातली हळद विकायची असते बाळ. लावायचं बेणं वेगळं काढतात.” अक्षयतृतीयेच्या सुमारास ते बेणे लावतात. पौलही दाण्याबद्दलच बोलतो, की पेरतो ते अंग आणि उगवते ते अंग एक नसते, तरी ते दुसऱ्या कोणाचे नसते. पौलाला हळद ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर त्याने पेवाचेही नाव घेऊन ठेवले असते असे मला वाटते.

२०२२ चा ईस्टर १७ एप्रिलला आला. दोन वर्षांनी पहाटेची उपासना पुन्हा कबरस्तानात झाली, मेणबत्त्या घेऊन. विश्वासांगीकाराच्या वेळी ते वाक्य आले आणि मी ते म्हटले. आवाज फुटला नाही नीट, शेजारच्या बाईला ऐकू गेले असेल तेवढेच. तिने माझ्याकडे बघितले नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

शंका आता उरली नाही का, असे परवा एका तरुण मुलीने विचारले. मत्तयाच्या अगदी शेवटच्या परिच्छेदात लिहिले आहे की गालीलातल्या डोंगरावर शिष्यांनी प्रभूला पाहिले, नमन केले, पण कित्येकांना संशय वाटला. समोर उभा असताना! आणि प्रभूने काय केले? संशयवाले बाजूला काढले नाहीत. सगळ्यांना मिळून सांगितले, जा. थोमालाही त्या आठ दिवसांत बाकीच्या दहांनी घराबाहेर काढले नव्हते. आठव्या दिवशी तो त्यांच्यातच बसलेला होता, म्हणून तर प्रभू त्याला तिथे सापडला. आपल्या मंडळीत कोणी गाणे म्हणायचे थांबले, प्रभुभोजनाला उठले नाही, तर त्याच्या घरी समिती पाठवायची घाई करू नका. जेवायला बोलवा. माझ्या घरी त्या दोन वर्षांत दर गुरुवारी मंडळीतली एक आजी डबा घेऊन यायची. एकही वचन तिने मला ऐकवले नाही. भाजीत मीठ कमी असायचे.

जावळीच्या बाजूला कातकऱ्यांच्या ज्या वाडीवर आपण जातो, तिथे या पावसाळ्यात एक दोन वर्षांचे मूल गेले. ओढा भरला होता, झोळी करून न्यायला माणसे नव्हती. मी गेले तेव्हा आई दारात बसली होती. आम्ही तिथे धर्म विकायला जात नाही, हे तुम्हाला आणि तिथल्या लोकांनाही माहीत आहे. मी पुनरुत्थानावर काही बोलले नाही. मी तिला विचारले, तुम्ही त्याला काय म्हणून हाक मारत होता? तिने सांगितले. मग बराच वेळ तिने त्याच्याबद्दलच सांगितले, कसा चालायला लागला, कोंबडीमागे कसा धावायचा. दिवाळीनंतर ती माणसे वीटभट्टीवर जातील. त्याच्या आधी त्या ओढ्यावर साकव व्हावा म्हणून आपण अर्ज दिला आहे. दोन वेळा परत आला, तिसऱ्यांदा दिला आहे. साकवाचे काम मंजूर होण्यासाठी प्रार्थना करा, आणि ज्यांची जिल्हा परिषदेत ओळख आहे त्यांनी प्रार्थनेबरोबर फोनही करा.

उठलेल्या प्रभूने शिष्यांना पहिल्याच संध्याकाळी विचारले होते, खायला काही आहे का, आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाऊन दाखवला होता. स्वयंपाकघरातून मघापासून खुणा चालल्या आहेत. वाडीवरच्या बायांनी पहाटे उठून नाचणीच्या भाकरी केल्या आहेत, त्या गार होतील. मी थांबते. सलाम.